विसावी खूण

मोहिमेचा हेतू कागदाच्या चिठोऱ्यावर मावेल एवढा होता, आणि तो तसाच हातात पडला. वायरलेसवाल्याने उतरवून घेतलेल्या तीन ओळी:

'पाय मोडला. गोडं पाणी संपलं. माझे चौदा खोकी दगड काढून तयार आहेत, तेव्हा मोठी होडी आणा.'

पाठवणारा होता दगडवाला. अकरा वर्षं हा गृहस्थ आतल्या सरोवराच्या काठी एका झोपडीत एकटा राहून दगड गोळा करत होता. सरोवराचं पाणी मचूळ, माणूस त्याहून मचूळ. कसले दगड आणि कशाला, हे त्याच्या बहिणीला कधी समजलं नाही आणि मुलाने कधी विचारलं नाही.

बहिणीने चिठोरं दोनदा वाचलं. "बघा! पायाचे दोन शब्द आणि दगडांची अख्खी ओळ. दादा शुद्धीवर आहे म्हणायचा."

निघाले तिघे. ही बहीण, सगळ्यांची आत्या, साठी उलटलेली, होड्या बांधणारी, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. तिचा भाचा, म्हणजे दगडवाल्याचा मुलगा, धंद्याने घड्याळजी. आत्या त्याला 'किल्ली' म्हणायची. आणि घड्याळजीची बायको, जी नर्स होती आणि जिच्या पिशवीत प्लास्टरच्या पट्ट्या, सुया, औषधं नि एक करवत होती. करवतीबद्दल तिने कुणाला काही सांगितलं नाही.

मोठी होडी नव्हतीच. आत्याकडे होती ती शिडाची, चार-पाच माणसांची, लहानशी. इंजिन उपयोगाचं नव्हतं. वाटेत मैलोन्‌मैल पाणगवत, आणि पंखा गवतात गुंतला की इंजिन म्हणजे नुसतं वजन. तेव्हा शीड. शीड म्हणजे डोलकाठी. आणि वाटेवर दोन जागा अशा, की जिथे उभी डोलकाठी जाऊच शकत नाही. एक जुना रेल्वेपूल. दुसरा जबडा, म्हणजे सरोवराच्या तोंडावरची खडकाची बुटकी कमान, तीस पावलं लांब, आत अंधार.

दोन्ही ठिकाणी काठी आडवी करायची, खालून जायचं, पुन्हा उभी करायची. जाताना दोनदा, येताना दोनदा.

घड्याळजी धास्तावला होता तो जबड्यामुळे नव्हे. बापाच्या पायामुळेही नव्हे. लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण खरी. चार वेळा काठी उतरवण्याचा दोर हातात धरावा लागणार होता, म्हणून.

आडवी

आत्याच्या कारखान्यातली रीत अशी.

काठीचा बुंधा होडीच्या मध्यावर एका जाड लाकडी पेटीत बसतो. पेटीतून आरपार एक लोखंडी खिळा. त्या खिळ्यावर काठी फिरते, घड्याळाचा काटा बारावरून मागे नऊवर यावा तशी. काठीच्या शेंड्याला बांधलेला दोर होडीच्या पुढच्या टोकाला येतो, तिथल्या खुंट्याला दीड वेढा घेतो आणि एका माणसाच्या हातात जातो. त्याने दोर हळूहळू सोडायचा. मागे दुसरं माणूस हात वर करून उभं. त्याने येणारी काठी झेलून लाकडी घोड्यावर, म्हणजे टेकणावर, ठेवायची.

इथवर सगळे असंच करतात. आत्याचं वेगळं होतं ते पुढे. तिने दोरावर हातहाताच्या अंतराने लाल धाग्याच्या वीस खुणा बांधल्या होत्या. खूण खुंट्यावरून गेली की दोरवाल्याने आकडा म्हणायचा, मोठ्याने. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आणि झेलणाऱ्याने वर बघायचं नाही!

"वर बघितलं की माणूस काठीला घाबरतं," आत्या म्हणायची. "आकडा ऐकला की माणसावर विसंबतं. काठीवर काय विसंबायचं? ती तर पडायलाच बसलेली."

उभी काठी एका बोटाने सांभाळता येते. झुकेल तशी ती जड होते. शेवटच्या चार खुणांना, सोळानंतर, ती अख्खी अंगावर येते.

गेल्या वर्षी घड्याळजीने "सोळा" म्हटलं होतं. मग काहीच म्हटलं नव्हतं. काठी आली होती, आणि आत्याचं मनगट मधे आलं होतं.

"दोर निसटला," तो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. ओला दोर, ओला खुंटा, निसटतो.

निसटला नव्हता. दोर सरकायला लागला तेव्हा त्याचा अंगठा आणि पहिलं बोट खुंट्याकडे ओढलं गेलं. त्या दोन बोटांनी तो केसाएवढे स्क्रू उचलतो. ती दोन बोटं म्हणजे त्याचं दुकान. त्याने हात उघडला. विचार करून नव्हे, पण उघडला. आत्या त्यानंतर हातोडी धरू शकली नाही, आणि त्याने एक वर्ष कुणाला काही सांगितलं नाही.

आता पूल समोर होता.

"किल्ली, दोर घे," आत्या म्हणाली.

"मी वल्ह्यावर बसतो की. हिला दे."

"अहो, मला सवय नाही," नर्स म्हणाली. "मी हाडं धरते, काठ्या नाही."

त्याने दोर घेतला. एक. दोन. तीन. दहा, अकरा. होडीत सहा पिंपं गोडं पाणी होतं, त्यामुळे ती डुंबलेल्या म्हशीसारखी थंड बसली होती, हलत नव्हती. ते एक बरं. चौदा. पंधरा.

"सोळा!"

आत्याने वर पाहिलं.

क्षणभरच. मान पुन्हा खाली गेली, सतरा-अठरा झालं, वीस झालं, काठी घोड्यावर बसली. पण तिने वर पाहिलं होतं. तीस वर्षं जिने वर पाहिलं नाही तिने. घड्याळजीला ते काठीपेक्षा जोरात लागलं.

उभी

पुलापलीकडे काठी उभी केली. दोन्ही बाजूंनी माणसाच्या दुप्पट उंचीचं गवत, मधून गल्लीसारखं पाणी, आणि शिडाच्या वरच्या टोकालाच तेवढा वारा. पाणपक्षी उडत नव्हते, नुसते सरकून वाट देत होते, जणू रोजचीच रहदारी. दुपारभर होडी गवतातून घासत गेली. डोंगराच्या बाजूला आकाश काळंनिळं झालं होतं.

"तिकडे पाऊस लागलाय," नर्स म्हणाली.

"लागू दे. आपल्याला दोन दिवसांचं काम," आत्या म्हणाली. पण तिने शीड आणखी थोडं ताणलं.

गवत संपता संपता वाट दुभंगली. उजवीकडे, म्हणजे परतताना डावीकडे, पाणी मोकळं वाहत होतं आणि लांबून सतत एक घरघर ऐकू येत होती.

"फुटका बांध," आत्याने बोट दाखवलं. "जबड्यातून बाहेर पडलं की पाणी तिकडेच ओढतं. येताना उजवी धरायची. डावीकडे गेलेली होडी मी आजवर दुरुस्त केलेली नाही."

"इतकी मोडते?"

"सापडत नाही."

आडवी, चार बोटं

जबड्यापाशी घड्याळजीने मोजलं. मोजण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. काठी आडवी केल्यावर होडीतली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे ती बुंध्याची पेटी. होडीच्या कण्यालाच ठोकलेली, काढता न येणारी. पेटीचा माथा आणि कमानीची सगळ्यात खालची कड, यांत अंतर चार बोटं. त्याने ते वहीत लिहिलं. खडकावर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली. मग छताला हात लावून होडी ढकलत, संथ पाण्यातून ते आत गेले.

(सोळाला आत्याने पुन्हा वर पाहिलं.)

आतल्या तोंडाशी, खडकाच्या एका सपाट ओट्यावर, ताडपत्रीखाली काहीतरी रचून ठेवलेलं दिसलं. विचारायला वेळ नव्हता. काठी उभी, शीड वर, आणि तासाभरात झोपडी.

झोपडीत, काठीला सुट्टी

"खोकी ओट्यावर आहेत," दगडवाल्याचं पहिलं वाक्य. "बघितलीत ना? चौदा. एकेक तराफ्यावरून नेलं. चौदावं चढवताना पाय घसरला."

"नमस्कार, बाबा," नर्स म्हणाली आणि पांघरूण दूर केलं.

पाय गुडघ्याखाली सुजून टरटरीत झाला होता. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. अंगात ताप. तिने जखम धुतली, सुई दिली, फळ्या बांधल्या. दगडवाला सगळा वेळ छताकडे बघत खडकांच्या थरांविषयी बोलत होता. मग ती बाहेर आली. नवऱ्याला म्हणाली,

"उद्या दिवस मावळायच्या आत इस्पितळ. नाहीतर पाय जाईल. परवा झालं, तर पायावर भागणार नाही."

"तुझ्या पिशवीत ती करवत..."

"पाहिलीत तर! गप्प बसा मग."

पहाटे उजेड फुटताच निघायचं ठरलं. दगडवाल्याला आडवं झोपवायला जागा हवी. तिघांनी मिळून सहाच्या सहा पिंपं उचलून काठावर ठेवली. होडी ऐसपैस झाली, पिसासारखी हलकी. आत्या खूश, नर्स खूश.

"आणि माझे दगड?" दगडवाला म्हणाला.

"बाबा, एक दगड नाही," घड्याळजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बापाशी असं बोलला. "एक खडासुद्धा नाही. होडी हलकी राहिली पाहिजे."

दगडवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. अकरा वर्षं!

आडवी, उणे एक

जबड्याशी पोचले, काठी आडवी केली, आणि घड्याळजीने खडूची रेघ शोधली.

रेघ नव्हती.

त्याने बाही सावरून हात पाण्यात घातला. रेघ होती, पाण्याखाली, तीन बोटं. डोंगरातला पाऊस रातोरात सरोवरात उतरला होता. काल निजलेलं पाणी आज कमानीत घुसताना खळखळत होतं.

"तीन बोटं चढलंय," तो म्हणाला. "आपल्याकडे चार होती. एक उरतं. निघू!"

आत्याने होडी पुढे घेतली. पेटी कमानीच्या कडेवर धाडकन आदळली! होडी थरथरली, दगडवाला कण्हला.

"एक बोट उरतं म्हणालास ना रे?"

घड्याळजीने पुन्हा मोजलं. पट्टी लावली, वही काढली. मग त्याने होडीच्या कडेकडे पाहिलं. कालच्या ओलीची काळी रेषा पाण्याच्या वर आली होती. दोन बोटं वर.

पिंपं.

त्याने बरोबर मोजलं होतं. पण भरलेल्या होडीचं मोजलं होतं. सहा पिंपं त्यांनी हौसेने काठावर उतरवली, आणि होडी दोन बोटं उचलली गेली. तीन आणि दोन पाच. चारांत पाच जात नाहीत.

"परत जाऊन पिंपं आणू," नर्स म्हणाली.

"तास जायला, तास यायला," आत्या म्हणाली. "तोवर जबडा मिटलेला असेल."

"मग होडीत पाणी भरू. बादलीने."

"सैल पाणी एका बाजूला धावलं की होडी उलटीच. वजन हवं ते गप्प बसणारं हवं."

पाणी खळखळत चढतच होतं. मग होडीच्या तळातून, फळ्या बांधलेल्या पायाच्या मालकाचा आवाज आला. तापात होता, पण आवाजात गूळ होता.

"म्हणजे आता माझे दगड पाहिजेत वाटतं?"

"दादा," आत्या म्हणाली, "आत्ता हसलास ना, तर तुला या ओट्यावर सोडून जाईन."

"मी हसत नाही. मी फक्त विचारतोय. एक खडासुद्धा नको होता ना कुणाला?"

घड्याळजी ओट्यावर उडी मारून पोचलासुद्धा. ताडपत्री फेकली. चौदा खोकी, प्रत्येकावर रंगाने लिहिलेली चिठ्ठी: जागा, थर, तारीख. पहिलं खोकं उचललं, पाठीत कळ आली. नर्सने झेललं. आत्याने होडीत जागा दाखवली. मधोमध. तळाला. घट्ट.

आणि मग ती शर्यत सुरू झाली. एकेका खोक्याने होडी थोडी थोडी बुडत होती. आणि पाणी थोडं थोडं चढत होतं. चार खोकी झाली. घड्याळजीने मोजलं. अंतर जिथल्या तिथे! सहा. पेटी आणि कड समोरासमोर. नऊ. एक नख गेलं असतं. अकरा. खोक्याच्या कडा बोटांत रुतत होत्या, आणि तो सवयीने दर खोक्यागणिक आपली बोटं मोजून बघत होता.

"किनार बघा," नर्स म्हणाली. होडीची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर उरली होती. "आणखी तीन?"

"आणखी तीन," आत्या म्हणाली.

चौदावं खोकं आत गेलं. पट्टी लावली.

एक बोट.

"झोपा सगळे! तोंडं खाली!"

तीस पावलं. अंधार, आणि पाण्याचा आवाज एखाद्या बंद डब्यात कोंडावा तसा. पाठीवरून खडक सरकत होता. पेटीचा माथा घासला. करकर, करकर. होडी अडली. सुटली. पुन्हा अडली! घड्याळजीने छताला तळवे लावले नि अंगातलं सगळं बळ लावून होडीला खाली दाबलं. आत्याने दाबलं. नर्सने दाबलं. दगडवाल्याने चांगला पाय वर करून छताला लावला आणि शिवी देऊन दाबलं. करकर थांबली. उजेड आला. होडी जबड्यातून थुंकल्यासारखी बाहेर पडली, आणि

ना उभी ना आडवी

सरळ डावीकडे निघाली.

कालची घरघर आज गर्जना झाली होती. फुटका बांध दिसत नव्हता. तिथे पाणी एकदम संपल्यासारखं दिसत होतं आणि वर तुषारांचा धूर होता. दोघांनी वल्ही मारली. जड होडीने दाद दिली नाही. चौदा खोकी दगड आणि चार माणसं घेऊन ती पाण्याबरोबर निवांत चालली होती.

"वारा!" आत्या ओरडली. "वारा डावीकडून आहे, उजव्या वाटेला ढकलेल! काठी उभी करा! पोरी, सुकाणू! किल्ली, दोर! दादा..."

"काय?"

आत्या थांबली. एवढ्या घाईतही थांबली. "दादा, होडी हलकी करायला पाहिजे."

दगडवाल्याने बहिणीकडे पाहिलं. मग धुराकडे. मग कोपरावर उठून बसला, सगळ्यात जवळचं खोकं मांडीवर ओढलं आणि चिठ्ठी वाचली.

"उत्तर कडा, खालचा थर," तो म्हणाला, आणि ते पाण्यात लोटून दिलं.

घड्याळजी पुढच्या टोकाला पोचला. दोर खुंट्याला गुंडाळला, दीड वेढा. मागे आत्या आडव्या काठीखाली शिरली आणि तिने शेंडा खांद्यावर घेतला. उभी करताना आकडे उलटे येतात. आणि जड ते आधी येतं.

"वीस!" तो ओरडला आणि ओढलं.

"ओढ्याचा काठ, मधला थर." धप्प!

"एकोणीस!"

आत्या एक पाऊल पुढे सरकली. वाकडं मनगट तिने काठीखाली नुसतं टेकू म्हणून लावलं होतं. जोर सगळा डाव्या हाताचा.

"अठरा!"

"गुहा, तिसरी." धप्प! "गुहा, चौथी." धप्प!

"सतरा!"

"अहो, लवकर! सुकाणू ऐकत नाहीये!"

"सोळा..."

होडी पाण्याखालच्या दगडाला ठोकरली. आत्याचा पाय सरकला. ती गुडघ्यावर आली, काठी तिच्या खांद्यावरून उडाली, आणि अख्खं वजन, शेंड्यापासून बुंध्यापर्यंतचं, पुढच्या दोरावर आलं.

दोर सरकला.

ओला दोर, ओला खुंटा. हाताची कातडी सोलत दोर सरकला आणि अंगठा, पहिलं बोट खुंट्याकडे निघाले. तेच ते. त्याला सगळं स्वच्छ दिसलं: दुकानातला दिवा, भिंग, चिमट्यात न मावणारा स्क्रू. समोर आत्या गुडघ्यांवर. तिच्या डोक्यावर काठी.

हात उघडायला काहीच लागत नाही. नुसतं उघडायचं असतं.

त्याने मिटला.

बोटं दोर आणि खुंट्याच्या मधे गेली. काहीतरी कडकन वाजलं. दोर थांबला!

"सोळा!" तो किंचाळला. आत्याला वर बघायला सवड नव्हती. तिला आकडाच ऐकू येणार होता. "सोळा, आत्या! अजून सोळाच आहे! सोळा!"

आत्या उठली. आधी एक गुडघा, मग दुसरा. खांदा काठीखाली.

"पूर्वेची घळ," दगडवाला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझी सगळ्यात... जाऊ दे." धप्प!

"पंधरा!"

"चौदा! तेरा!" काठी हलकी होत चालली. होडीही. दगडवाला आता चिठ्ठ्या वाचत नव्हता. "दहा! नऊ!" बांधाचे तुषार तोंडावर यायला लागले. "पाच! चार!" आत्याचे हात सरळ झाले. "दोन! एक!"

काठी उभी. आत्याने काठी जागच्या जागी अडकवणारी खीळ ठोकली, शिडाचा दोर दाताने सोडला, डाव्या हाताने ओढला. शीड फडफडलं, फडफडलं, आणि मग पोट फुगवून गप्प झालं. होडी कलली. दगडवाल्याने शेवटचं खोकं ढकललं. ती उचलली गेली, वळली. इंच इंच, मग हातभर, मग सपाट्याने! डाव्या बाजूला धूर मागे पडत गेला. उजवीकडे गवत आलं.

गवत इतकं सुंदर असतं, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. चौथा डोळे मिटून पडला होता.

उभी

गवतातल्या गल्लीत नर्सने नवऱ्याचा हात मांडीवर घेतला. तळव्याची कातडी गेलेली. पहिलं बोट मधल्या पेरात मोडलेलं.

"जुळेल," ती म्हणाली. "सरळ जुळेल का, ते आत्ता विचारू नका."

"विचारत नाही."

"विचारा की. रडायला निमित्त होईल. मला."

तिने बोटाला फळी लावली, हाताला पट्ट्या गुंडाळल्या. मग सासऱ्याचा पाय तपासायला वळली. नखं दाबली, रंग परत येतो का बघितलं. आला. फळीची गाठ सैल करायला गेली तर आत काहीतरी टोचलं. तिने दोन बोटांनी ओढून काढलं. अंड्याएवढा दगड, त्यात एक हिरवी शीर.

"बाबा!"

"तो वजनाने काही जास्त नाही," दगडवाला डोळे न उघडता म्हणाला.

उन्हं कलायच्या आत पूल आला. इथे पाणी संथ होतं. पुलापलीकडे गावाचा धक्का, धक्क्यावर इस्पितळाची गाडी उभी दिसत होती. वायरलेसवाल्याने तेवढं डोकं चालवलं होतं. फक्त शेवटचं एक काम.

आडवी

"दोर मी घेते," नर्स म्हणाली.

"नको," आत्या म्हणाली. "किल्ली घेईल. तू त्याच्या मागे दोराचं शेपूट धर."

घड्याळजी पुढे गेला नाही. तिथेच उभा राहिला. पट्ट्यांमधला हात छातीशी.

"आत्या. गेल्या वर्षी दोर निसटला नव्हता."

"हं."

"मी सोडला. बोटं वाचवायला."

"माहितीये."

त्याला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "मी सोडला म्हणतोय."

"अरे, ऐकलं की. त्याच दिवशी मला उचलून नेलंस ना, तेव्हा तुझे हात माझ्या तोंडासमोर होते. दोर निसटला असता तर तळव्यांना वळ उठले असते. तुझे हात कोरे होते."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते." आत्याने घोडा जागेवर ठोकून बसवला. "आणि रागही होता. मनगट माझंच ना! म्हटलं, बसू दे तळमळत."

"आणि तरी या वेळी दोर मलाच दिलास?"

"दुसऱ्या कुणाला दिला असता तर तू आयुष्यभर कोराच राहिला असतास. आता बडबड पुरे. दादाच्या पायाचा दिवस चाललाय."

ती मागे जाऊन उभी राहिली. हात वर. मान खाली.

घड्याळजीने दोर धरला. पट्टी लगेच लाल झाली. दीड वेढा. मागे बायकोने शेपूट घट्ट पकडलं. एक, तो म्हणाला. दोन. डोलकाठी आकाश सोडून झुकायला लागली. सात. आठ. ठणका कोपरापर्यंत गेला. बारा. होडीत कुणी बोलत नव्हतं, दगडवालासुद्धा. चौदा. पंधरा. आता ती जड झाली, आज सकाळसारखी, गेल्या वर्षासारखी.

"सोळा."

आत्याने वर पाहिलं नाही.

"सतरा," तो म्हणाला. "अठरा. एकोणीस."

काठी तिच्या हातांत उतरली.

"वीस."